धनराज सरांचा आलेख दिसेना

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी धनराज सर चपला दाराबाहेर काढतात. खुर्चीवर मांडी घालतात, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसतात, पडद्याला एकदा हात जोडतात आणि मग त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागतात.

"दखाड रे भो. आते तरी दखाड."

म्हणजे, दाखव रे भाऊ, आता तरी दाखव.

वर्गात हेच सर इतकं छापील मराठी बोलतात की मुलांना वाटतं, त्यांच्या प्रत्येक वाक्याला शेवटी पूर्णविराम दिसतोय. मी एकदा विचारलं, "सर, कॉम्प्युटरला शुद्ध मराठी कळत नाही का?"

"कळतं ना ताई. पण शुद्ध मराठीत आपण अर्ज करतो. अर्जाचं पुढे काय होतं, तुम्हाला माहीत आहे. अहिराणीत आपण मागतो."

आम्ही दोघं शहाद्यातल्या एकाच कॉलेजात. ते गणित शिकवतात, मी वनस्पतीशास्त्र. कॉलेजच्या वसाहतीत आमच्या घरांची एक भिंत सामाईक आहे, त्यामुळे त्यांच्या घरातलं अर्धं बोलणं माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतं. उरलेलं अर्धं शोभावहिनी, म्हणजे त्यांच्या बायको, येऊन सांगतात.

सरांना आयुष्यात एकच नाद. वक्र. वाकडी रेघ दिसली की माणूस पाघळला. ताटात भाकरी पडली की ती आधी फिरवून बघणार आणि म्हणणार, "लंबवर्तुळ शे." वहिनी तव्यावरून मान न वळवता सांगतात, "मंग गोल करनारी दुसरी देखा." प्राचार्यांना ते परवलय म्हणतात, कारण त्यांचा आवाज भाषणाच्या मध्यापर्यंत चढतो आणि मग तितक्याच शिस्तीत उतरतो. मला म्हणाले, "ताई, तुम्ही सरळ रेषा." हे कौतुक होतं की सहानुभूती, ते मला अजून कळलेलं नाही.

एकदा मुलांची सहल घेऊन तोरणमाळला निघालो होतो. घाट सुरू झाला तशी निम्मी बस खिडकीबाहेर डोकं काढून ओकत होती. सर मात्र प्रत्येक वळणाला सीटवरून उठून टाळ्या वाजवत होते. "वा! काय वळण घेतलं! हे ज्यानं आखलं त्याला एकदा भेटायला पाहिजे!" ड्रायव्हरला वाटलं, आपलंच कौतुक चाललंय. त्यानं पुढची वळणं अशी मारली की मुलांच्या जोडीला मीही खिडकी गाठली.

तर अशा माणसाच्या हाती गणिताचं एक सॉफ्टवेअर लागलं. फुकट मिळणारं. समीकरण टाइप करायचं, कळ दाबायची, की पडद्यावर छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात आलेख हजर. सरांनी पहिला आलेख पाहिला तेव्हा त्यांनी वहिनींना हाक मारली, मला हाक मारली आणि रस्त्यानं भाजीची गाडी घेऊन जाणाऱ्या बाईंनाही आत बोलावलं. पाच पाकळ्यांचं गुलाबाचं फूल होतं ते. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "चांगलं शे. कितलाले दिनं?" सर म्हणाले, "फुकट शे." तेव्हा बाईंचा फुलावरचा विश्वास उडाला.

इथवर सगळं गोड होतं. पण सरांच्या मनात काहीतरी वेगळंच शिजत होतं. दर वेळी आज्ञा टाइप करायच्या नाहीत. सगळ्या आज्ञा एकाच फाइलीत ओळीनं लिहून ठेवायच्या, तिला म्हणे स्क्रिप्ट म्हणतात, आणि ती फाईल एकदाच चालवायची. बाकी कुठेही हात लावायचा नाही. आलेख आपले आपण आले पाहिजेत.

सरांनी स्क्रिप्ट लिहिली. चालवली. काहीच दिसेना.

चूकही दाखवेना. कॉम्प्युटर म्हणाला, झालं काम. आणि गप्प बसला. सरांनी परत चालवली. परत तेच. त्याच आज्ञा हातानं एकेक करून टाइप केल्या की फूल उमलायचं, आणि फाइलीतून चालवल्या की पडदा कोरा. भिंतीपलीकडून मला सरांचा आवाज यायचा, का रुसलास म्हणून विचारणारा. "काबर रुसना रे? तुले काय कमी पडनं? आलेख तुन्हा पोटमा शे, मले माहीत शे. मंग तोंडवर काबर येत नही?" मग वहिनींचा आवाज यायचा, "जेवाले या. भाकर थंडी व्हयी ऱ्हायनी." मग सरांचा, "याले आधी बोलू दे." मग एका ताटावर दुसरं ताट झाकल्याचा आवाज.

आमच्याकडे कोणी म्हणालं विजेचा दाब कमी असेल, कोणी म्हणालं लॅपटॉपच बदला. प्राचार्य म्हणाले, "अहो सर, हातानं टाइप केलं की येतंय ना? मग हातानं टाइप करा. कुठे अडलंय?" मीही तेच म्हणाले. सरांचा चेहरा एकदम बंद झाला.

"नाही मॅडम," ते म्हणाले. एरवी मी ताई असते. मॅडम झाले की समजायचं, विषय संपला. "स्क्रिप्टमधूनच आलं पाहिजे. एका बटनावर."

शेवटी सर इंटरनेटला शरण गेले. जगभरातले लोक जिथे आपल्या अडचणी मांडतात अशा एका ठिकाणी त्यांनी इंग्रजीतून प्रश्न टाकला. मला वाचून दाखवला. आदरणीय महोदय, सविनय निवेदन की, मी सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा गणिताचा एक अध्यापक असून, इथपासून सुरुवात होती. मग सॉफ्टवेअरबद्दल दोन शब्द गौरवाचे, मग अडचण, मग क्षमायाचना आणि शेवटी आपला विश्वासू. सकाळी कुठल्याशा परदेशी माणसाचं उत्तर आलं. एकच शब्द. 'शो.'

मला ते उद्धट वाटलं. सर मात्र हरखून गेले. "माणूस खरा गणिती शे, ताई! एका शब्दात सिद्धता!"

भानगड अशी होती. हातानं टाइप करताना कॉम्प्युटर गृहीत धरतो की समोर माणूस बसलाय, तर त्याला आलेख दाखवायला हवा. फाइलीतून चालवताना तो आलेख काढतो, पण दाखव असं वेगळं सांगावं लागतं. सरांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी इतके दिवस याला तोंडानं सांगत होतो दखाड, दखाड, आणि हा म्हणत होता, लेखी द्या!"

सरांनी लेखी दिलं. फाइलीत शेवटी 'दाखव' असा हुकूम घातला. फाईल चालवली. आणि आलेख आला.

आणि गेला.

वीज चमकावी तसा. खिडकी उघडली, त्यात काहीतरी निळं होतं, आणि खिडकी मिटली. सर खुर्चीतून पडता पडता वाचले. "देखं का? देखं का तुम्ही?" मी म्हणाले, "काहीतरी हललं खरं." वहिनी म्हणाल्या, "पाल व्हती का?"

नेमकी त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती. रंग लागले होते, कुंड्या आल्या होत्या, माझ्या विभागातल्या वाळलेल्या निवडुंगाला मी स्वतः हिरवा कागद गुंडाळला होता. प्राचार्यांनी ठरवलं की गणित विभागानं काहीतरी आधुनिक दाखवायचं. आणि कोणाला काही कळायच्या आत सरांनी मान डोलावली.

सभागृहात मोठा पडदा लावला होता. पुढच्या रांगेत समितीचे तिघं. मधोमध सोनेरी काड्यांच्या चष्म्याचे अध्यक्ष, एका बाजूला एक बाई, दुसऱ्या बाजूला टाय लावलेले एक गृहस्थ. सरांनी चपला सभागृहाबाहेर काढल्या. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले.

"मान्यवरहो," सर म्हणाले, "आता आपल्यासमोर एक वक्र अवतीर्ण होईल. तो फार थोडा वेळ थांबेल. कृपया कोणीही पापणी लवू देऊ नये."

समितीला वाटलं हा प्रयोगाचाच भाग आहे. तिघांनी डोळे वटारले. मागे बसलेल्या आम्हीही वटारले. सरांनी कळ दाबली. पडद्यावर लख्खकन काहीतरी आलं आणि गेलं.

"दिसला?"

मग समितीच्या बाई म्हणाल्या, "मला निळं काहीतरी दिसलं."

"मला तर मासा वाटला," टायवाले म्हणाले.

अध्यक्ष जरा थांबून म्हणाले, "पाकळ्या होत्या का हो?"

"शाब्बास!" सर ओरडले. "पाकळ्याच! किती होत्या?"

अध्यक्षांना शाळा सुटल्यापासून कोणी शाब्बास म्हटलं नसावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि खुर्ची पुढे ओढली. "परत दाखवा. मी मोजतो."

सरांनी परत दाखवलं. परत. आणखी परत. बाई म्हणाल्या चार, अध्यक्ष म्हणाले पाच, टायवाले अजून माशावरच अडून बसले होते. "देखा, देखा, आते देखा... गया! परत गया!" सरांचं शुद्ध मराठी केव्हाच वाहून गेलं होतं. प्राचार्य घाम पुसत त्यांच्या कानाशी गेले. "सर, हात जोडतो, टाइप करून दाखवा."

"टाइप करून कोणीही दखाडी," सर माइकमधूनच म्हणाले.

शेवटी टायवाल्यांनी मोबाईल काढून पडद्याचं चित्रण केलं, मग ते मधेच थांबवलं, आणि समिती, प्राचार्य, आम्ही सगळे त्या तळहाताएवढ्या मोबाईलभोवती डोकी भिडवून उभे राहिलो. पाच पाकळ्या. स्पष्ट. अध्यक्षांनी बरोबर पाच मोजल्या होत्या. ते इतके खूष झाले की त्यांनी हात वर करून सगळ्यांना सांगितलं. न मिचकावल्यामुळे त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आमच्या प्राचार्यांना वाटलं, संस्थेची प्रगती पाहून गहिवरले. त्यांनी लगेच शाल मागवली.

सगळे खूष होते. सर सोडून. वहिनींना म्हणाले, "नवरी पाहायला जावं आणि लोकांनी फोटो हातात द्यावा, तसं झालं."

त्यांनी पुन्हा त्या परदेशी माणसाला अर्ज केला. त्यानं या वेळी दोन ओळी लिहिल्या. स्क्रिप्ट संपली की तिच्याबरोबर खिडकीही मिटते, तेव्हा स्क्रिप्टलाच थांबायला सांगा. अमुक सेकंद थांब म्हणा, किंवा कळ दाबेपर्यंत थांब म्हणा. आणि खाली विचारलं होतं, तुम्हाला हे नक्की कशासाठी हवंय? सरांनी त्याला शहाद्याला येण्याचं, वांग्याचं भरीत खाण्याचं आणि सहकुटुंब मुक्कामाचं निमंत्रण दिलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही.

सेकंदांचा उपाय त्यांना पटला नाही. "कोणाला बघायला किती वेळ लागेल, हे मी कोण ठरवणार?" कळ दाबेपर्यंत थांब, हे त्यांनी घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोळ्यांची कणीक मळत होते. दार धाडकन उघडलं. बनियनवर सर, दोन्ही हातांत उघडा लॅपटॉप, बाळंतिणीच्या खोलीतून मूल बाहेर आणावं तसा धरलेला. पडद्यावर फूल होतं. ठाम. जागच्या जागी.

"थांबलं, ताई! थांबलं! दाबा! कोणतंही बटन दाबा!"

"हात कणकेचे आहेत हो."

"कोपरानं दाबा!"

मी कोपरानं दाबलं. फूल गेलं आणि गोगलगाईसारखा वक्र आला. तोही थांबला. सर तसेच पुढच्या घरी गेले. वसाहतीतल्या प्रत्येक दारात त्या सकाळी कोणी ना कोणी कसल्या ना कसल्या हातांनी बटन दाबलं. सरांच्या मागून वहिनी सदरा घेऊन चालल्या होत्या.

मला वाटलं, संपलं प्रकरण. पण रविवारी सकाळी सर इस्त्रीचा सदरा घालून माझ्या दारात उभे राहिले. "ताई, तुमची गाडी काढता का? पुरुषोत्तमनगरला जायचंय. माझ्या स्कूटरवर हा हिंदकळेल." लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरला होता.

मला वाटलं, तिथल्या साखर कारखान्याच्या साहेबलोकांना दाखवायचा असेल. दोन्ही बाजूंना ऊस होता. सर नेहमी वळणांवर बोलतात, त्या दिवशी बोलले नाहीत. मीच विचारलं, "कोणाकडे?"

"वसंतभाईंकडे."

वसंतभाई हे नाव मी ऐकून होते. कारखान्यात केमिस्ट होते, निवृत्त झाले होते. तापीकाठच्या गुजर कुटुंबातले. सरांचे जुने मित्र. दर रविवारी दोघं भेटत आणि भांडत, असं वहिनी सांगायच्या. कशावरून? तर आलेखांवरून. सर कागदावर वक्र काढून न्यायचे आणि वसंतभाई त्यात चूक काढायचे. वसंतभाई त्यांच्या गुजरी बोलीत भांडायचे, सर अहिराणीत, आणि जेवायची वेळ झाली की दोघं एका ताटात जेवायचे.

"त्यांना लकवा झाला," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. सगळं समजतं पण. मी जातो, बसतो. मी काय बोलू? एकट्यानं भांडता येत नाही, ताई."

मी गाडी हळू केली.

"डाव्या हातातही जोर नाही. त्याचं एक बोट चालतं. एक."

एका बोटानं समीकरणं टाइप होत नाहीत. कळ तेवढी दाबता येते.

वसंतभाई ओसरीवर खुर्चीत बसले होते. पांढराशुभ्र सदरा, दाढी केलेली, तोंडाची एक बाजू ओघळलेली. त्यांच्या बायकोनं, कमळाबेननी, आम्हाला पाणी दिलं. सरांनी चपला काढल्या, स्टूल ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, फाईल चालवली आणि वसंतभाईंचं बोट उचलून कळेवर ठेवलं. मग स्वतःचे दोन्ही हात मागे घेतले.

"आते तुम्ही मालक," ते म्हणाले.

बोट थरथरलं. दाबलं. फूल गेलं, गोगलगाय आली. वसंतभाई बघत राहिले. बराच वेळ. फूल असो की गोगलगाय, कोणीही पळून गेलं नाही. परत दाबलं. बदामाचा आकार आला. वसंतभाईंच्या चांगल्या बाजूनं ओठ जरासा हलला. परत दाबलं.

या वेळी साधाच वक्र आला. खाली महिने लिहिले होते, वर मराठीत मथळा, 'उसातला साखरेचा उतारा', म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते ते. मी बघितलं आणि चमकले. टेकाड चुकीच्या जागी होतं. थंडीत उसात साखर भरते, ऊन तापलं की उतरते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. इथे उतारा कडक उन्हाळ्यात शिखरावर पोहोचला होता.

"सर, हे..." मी म्हणाले, आणि सरांनी अनवाणी पायानं माझ्या पायावर असा जोर दिला की मी पुढचा शब्द गिळला.

वसंतभाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी सरांकडे बघितलं. पडद्याकडे बघितलं. मग त्यांचं बोट कळेवरून उठलं, हवेत गेलं आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलायला लागलं.

"काय?" सर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "चुकनं? काय चुकनं? मी गणितना मास्तर शे!"

बोट जोरात हललं. वसंतभाईंच्या गळ्यातून आवाज आला, शब्द नव्हता, पण त्यात राग होता. चांगला, भरलेला, जुना राग.

"उन्हाळामा जास्ती साखर पडस! मन्हा आलेख बरोबर शे!"

वसंतभाई लाल झाले. त्यांनी बोटानं खुर्चीच्या हातावर रेघ ओढली, वर चढवली, थंडीचे महिने जिथे येतील तिथे ठकठक केलं, खाली उतरवली. सर मान हलवून नाही म्हणाले. वसंतभाईंनी परत ओढली. सर म्हणाले, कारखान्यात राहून तुम्हाला काय कळतं. वसंतभाईंनी अख्खी मूठ खुर्चीवर आपटली. मूठ! कमळाबेन स्वयंपाकघरातून धावत आल्या. दोघांकडे बघितलं, काय चाललंय ते समजलं आणि पदर तोंडाला लावून तिथेच दाराला टेकल्या. हसत होत्या की काय, मी नीट बघितलं नाही.

"बरं बा," शेवटी सर म्हणाले. "हारनू. मी हारनू. पुढला आइतवारले नीट करी आनस."

वसंतभाईंनी खुर्चीला पाठ टेकली. दमले होते. चहा आला तेव्हा सरांनी तो बशीत ओतला, फुंकला आणि बशी त्यांच्या ओठांशी धरली. वसंतभाईंनी चहा पिता पिता एकदा परत बोट हलवलं, न राहवून. सर म्हणाले, "हो रे भाऊ, समजनं."

परत येताना सर पुन्हा बोलायला लागले होते. एक वळण आलं तेव्हा त्याला दादही दिली. मग म्हणाले, "बरोबर आलेख कोणीही काढस, ताई. चुकीना काढाले भलतं डोकं लागस. फार सोपी चूक केली तर त्यांना वाटेल, धनराज दया करी ऱ्हायना. फार अवघड केली तर बोट उठणारच नाही."

थोडं पुढे गेल्यावर ते माझ्याकडे वळले. "तुमच्या विषयातलं काही देता का? पुढच्या रविवारसाठी. कापूस, केळी, काहीही चालेल. चूक फक्त चांगली पाहिजे."

मी हो म्हणाले. इतकी वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिकांमधल्या ढीगभर चुका लाल पेनानं खोडल्यात मी, त्यातली एखादी तरी आठवेल असं वाटलं. केळीची वाढ, कापसाची बोंडं, पानांचा आकार, एकेक मनात घेतलं आणि सोडून दिलं. ही फार सोपी. ही अवघड. हिच्यावर वसंतभाई चिडणार नाहीत. बाजूला सर टॉवेलमधला लॅपटॉप मांडीवर घेऊन वाट बघत बसले होते. शहादा आलं तरी मला एकही चांगली चूक सापडली नव्हती.